पायलटला ‘नाही’ म्हणू द्या

येत्या वर्षात तुमच्यापैकी कुणी आईवडिलांना घेऊन हेलिकॉप्टरनं केदारनाथला जाणार असेल. कुणाची मुलगी गोंदियाला किंवा धुळ्याला विमान चालवायला शिकत असेल. कुणावर निवडणुकीच्या धामधुमीत नेत्याचा दौरा आखायची जबाबदारी असेल. कुणी अमेरिकेतल्या भाच्याकडे गेल्यावर त्याच्या चार आसनी विमानातून चक्कर मारून येईल. तुम्हा सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. पायलट म्हणाला की हवा बरी नाही, आत्ता निघता येणार नाही, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. ‘मगाशी दुसरं गेलं की’ असं म्हणू नका. ‘थोडं पुढं जाऊन तर बघू’ हे तर चुकूनही म्हणू नका.

आपण आग्रह धरतो तो वाईट हेतूनं नाही. ढगात शिरल्यावर लहान विमानाचं आणि ते चालवणाऱ्या माणसाचं काय होतं, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. मोठ्या विमानातून पुण्याहून दिल्लीला जाताना खिडकीबाहेर कितीतरी वेळ नुसतं पांढरं दिसतं आणि आपण निवांत चहा पीत बसतो. त्यामुळे ढग म्हणजे वाफ, वाफेला काय भ्यायचं, असं वाटतं. पण त्या मोठ्या विमानात दोन वैमानिक असतात. दोघांनाही बाहेर न बघता यंत्रांवर विमान चालवायचं शिक्षण असतं, त्याचा सराव सतत चालू असतो आणि खालून रडारवर कुणीतरी त्यांच्यावर नजर ठेवून असतं. लहान विमानात बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तो जमीन, डोंगर, नदी, क्षितिज बघत बघत विमान चालवत असतो. ढगात शिरताच हे सगळं एका क्षणात नाहीसं होतं. गडगडाटी ढगातले झोत किंवा पंखांवर धरणारा बर्फ विमानाला इजा करतात, ते वेगळं. मी बोलतो आहे ते साध्या, शांत, निरुपद्रवी दिसणाऱ्या ढगाबद्दल. तिथे विमान ठणठणीत असतं, इंजिन व्यवस्थित चालू असतं, आणि तरीही ते खाली कोसळतं.

याचं कारण आपल्या कानात आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, नळीतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. लहानपणी फुगडी घातलेल्या प्रत्येकाला या द्रवाची खोड माहीत आहे. फुगडी थांबली तरी अंगण फिरतच राहतं, कारण पाय थांबतात आणि कानातलं पाणी थांबत नाही. अंगणात आपण डोळे उघडतो, तुळशीवृंदावन जागेवर आहे हे बघतो आणि क्षणात सावरतो. ढगात डोळे उघडे असूनही बघायला काही नसतं.

विमान अगदी हळू एका बाजूला कलू लागलं, तर ते कानाला कळतच नाही. वळण एकसारखं वीसेक सेकंद चालू राहिलं की द्रवही त्याच वेगानं फिरू लागतो आणि मेंदू सांगतो की आपण सरळ चाललो आहोत. वैमानिकाला वाटतं, सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात पंख कललेले असतात, त्यामुळे नाक हळूहळू खाली जातं आणि वेग वाढतो. मग त्याचं लक्ष उंचीच्या काट्यावर जातं. उंची घटते आहे! तो घाईनं दांडा मागे ओढतो. पंख सरळ असते तर विमान वर गेलं असतं. पंख कललेले असल्यामुळे वळणच अधिक आवळतं आणि विमान भोवऱ्यात सापडल्यासारखं गोल गोल खाली जातं. एखाद्यानं वेळीच पंख सरळ केले, तर त्याचं शरीर ओरडून सांगतं की आपण आता उलट्या बाजूला कलंडतो आहोत, आणि तो स्वतःच्या हातानं विमान पुन्हा पहिल्या वळणात घालतो. त्याचं अंग आणि त्याचे काटे यांत भांडण लागतं. ज्यानं काट्यांचं ऐकायचा सराव केलेला नाही, तो अंगाचं ऐकतो.

हे किती लवकर घडतं? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1954 साली याची पद्धतशीर चाचणी झाली. यंत्रांवर उडायचं शिक्षण न घेतलेले वीस वैमानिक निवडले. शेजारी प्रशिक्षक बसवून, हवेत, बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्यांना विमान चालवायला दिलं. विसांपैकी एकालाही ताबा राखता आला नाही. एकोणीसजण त्या गोल घसरणीत गेले, विसाव्याचं विमान नाक वर करून वेग गमावून बसलं. सरासरी वेळ भरली 178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. सर्वांत लवकर ताबा सुटला तो विसाव्या सेकंदाला. हे लोक अडाणी नव्हते, त्यांना विमान चालवता येत होतं. बाहेर दिसत असेपर्यंत ते उत्तम चालवत होते.

यात धाडसाचा, अनुभवाचा किंवा हिमतीचा प्रश्न येत नाही. ‘आमचा पायलट जिगरबाज आहे’ असं कौतुकानं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं अशी माझी कळकळ आहे. विमानं नवी होती तेव्हा वैमानिकांनाही वाटायचं की कसलेल्या माणसाला अंगाच्या जाणिवेवर ढगातून जाता येतं. अमेरिकन लष्करातल्या विल्यम ऑकर नावाच्या अनुभवी वैमानिकाला 1926 साली डॉक्टरांनी गोल फिरणाऱ्या खुर्चीत डोळे झाकून बसवलं आणि विचारलं, कुठल्या दिशेला फिरतो आहेस? त्याची उत्तरं चुकत गेली. खुर्ची थांबली तरी तो म्हणत होता की मी फिरतो आहे. मग त्यानं वळण दाखवणारं एक यंत्र डब्यात बसवलं, पुन्हा खुर्चीत बसला, यंत्राकडे बघून उत्तरं दिली आणि ती बरोबर आली. पुढचं आयुष्य त्यानं हेच पटवून देण्यात घालवलं की अंग खोटं बोलतं, काटा खरं बोलतो. 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यानं पूर्ण झाकलेल्या कॉकपिटमधून विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवूनही दाखवलं. तेव्हापासून ढगातून जाण्याची विद्या माणसाजवळ आहे. पण ती शिकावी लागते, घोटावी लागते, आणि ज्या विमानात बसायचं त्यात तशी यंत्रं असावी लागतात.

यंत्रही दगा देऊ शकतं, म्हणून एकाच काट्यावर विसंबायचं नसतं. मुंबईकरांना 1 जानेवारी 1978 ची रात्र आठवत असेल. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि काही क्षणांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं. 213 माणसं गेली. कॅप्टनसमोरचं, विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं आणि विमान उजवीकडे कललं आहे असं दाखवत होतं. म्हणून कॅप्टननं ते डावीकडे वळवत नेलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज कुठेच नाही. इतर उपकरणं बरोबर दाखवत होती, पण ती पडताळून बघेपर्यंत वेळ निघून गेली. मोठ्या विमानात, अनुभवी वैमानिकांच्या हातून हे होतं, तर एकट्या माणसाच्या लहान विमानात काय होत असेल याचा विचार करा.

16 जुलै 1999 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी धाकटे आपलं पायपर विमान घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. सोबत पत्नी आणि मेहुणी होती. घरी लग्न होतं. निघायला उशीर झाला, अंधार पडला, समुद्रावर धुरकट हवा होती. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण त्यांनी सुरू केलं होतं, पण तो परवाना हातात नव्हता. एका प्रशिक्षकानं सोबत येतो असं सुचवलं होतं, तेव्हा मला एकट्यानं जायचं आहे असं ते म्हणाले, ही नोंद तपास अहवालात आहे. बेटाजवळ विमान वळत वळत समुद्रात गेलं. तिघंही गेले. नियमानं पाहिलं तर त्या रात्री उड्डाण करायला मनाई नव्हती, हेही इथे सांगायला हवं. आपला पुढारी किंवा यात्रा कंपनीचा माणूस जेव्हा म्हणतो की ‘नियमात बसतंय ना, मग?’, तेव्हा ही रात्र आठवावी.

पण मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या हेलिकॉप्टरबद्दल, कारण त्यातून प्रवाशांना शिकायचं आहे. 26 जानेवारी 2020. लॉस एंजेलिसवर सकाळपासून ढग उतरलेले. तिथल्या पोलिसांनी आपली हेलिकॉप्टरं खालीच ठेवली होती. ब्रायंट, त्यांची तेरा वर्षांची मुलगी, तिच्या संघातल्या मुली आणि त्यांची माणसं असे आठ प्रवासी बास्केटबॉलच्या सामन्याला निघाले होते. पायलट अनुभवी, ब्रायंटचा नेहमीचा आणि विश्वासातला. त्याच्याजवळ यंत्रांवर उडण्याचा परवानाही होता, पण त्याच्या कंपनीला प्रवाशांना घेऊन फक्त बाहेरचं दिसत असतानाच उडण्याची मुभा होती. कॅलाबसासच्या टेकड्यांजवळ त्यानं कंट्रोलला कळवलं की मी ढगांवर यायला चार हजार फुटांपर्यंत चढतो आहे. त्याच वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळून वेगानं खाली येत होतं. त्याच्या अंगाला चढल्यासारखं वाटत होतं. नऊही जण टेकडीवर आदळून गेले.

तपास करणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम शोधली. ब्रायंटनं किंवा कंपनीनं पायलटवर दबाव आणला होता का? तसा पुरावा मिळाला नाही. दबाव होता तो पायलटनं स्वतःवर आणलेला: चांगला ग्राहक, चांगले संबंध, मुलींचा सामना, एवढं अंतर आलोच आहोत. अहवालात या स्वतःहून ओढवलेल्या दबावाचा आणि ठरलेला बेत मोडवत नाही या वृत्तीचा स्पष्ट उल्लेख आहे.

म्हणून माझी विनंती नुसती ‘आग्रह करू नका’ एवढ्यावर थांबत नाही. तुम्ही काही न बोलता शेजारी बसलात, तरी तुमचं बसणं हाच त्याच्यावर भार असतो. तुम्ही पैसे भरलेत, लांबून आलात, तुमची म्हातारी आई दर्शनासाठी हात जोडून बसली आहे, हे त्याला दिसतं. तोही माणूस आहे, त्यालाही कुणाचा विरस करायला आवडत नाही. तो भार तुम्हीच उतरवला पाहिजे आणि तोंडानं बोलून उतरवला पाहिजे. बसण्यापूर्वी त्याला स्वच्छ सांगा: ‘वाटेत हवा बिघडली तर परत फिरा. दुसरीकडे उतरवावं लागलं तर उतरवा. आमचं काही अडलेलं नाही.’ तो हसून मान हलवेल, कदाचित म्हणेल की ते आम्ही बघतोच. तरी सांगा. वडीलधारी माणसं असतील तर त्यांनी सांगावं, त्यांच्या शब्दाला वजन असतं. ज्या नेत्याच्या सभेला हजारो लोक ताटकळत असतात त्यानं तर स्वतः सांगावं, मदतनिसाकरवी नव्हे. साहेबांना उशीर झाला तर काय होईल या धास्तीत असलेला माणूस पायलटला निर्धास्त करू शकत नाही.

आणि ते बोलणं खरं करायचं असेल तर तुमचं खरोखरच काही अडलेलं नसावं लागतं. केदारनाथचंच घ्या. फाटा, सिरसी, गुप्तकाशी इथून हेलिकॉप्टरं जातात. काही मिनिटांचं उड्डाण, पण अरुंद खोऱ्यातून आणि मंदिर साडेतीन हजार मीटरहून उंचावर. हे सगळं डोळ्यांनी बघत करायचं उड्डाण आहे. खोऱ्यात ढग भरले की वळायला जागा नसते, आणि ते बघता बघता भरतात. 18 ऑक्टोबर 2022 रोजी गरुडचट्टीजवळ धुक्यात हेलिकॉप्टर आदळून सातजण गेले. 15 जून 2025 रोजी पहाटे केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडच्या वरच्या जंगलात पडलं. सातजण गेले, त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरू होते, एक लहान मूल होतं. डोंगरात हेलिकॉप्टर फिरत फिरत घसरायच्या आधीच कड्यावर आदळतं, एवढाच काय तो फरक. सुरुवात तिथूनच होते: समोरचं दिसेनासं होण्यापासून. 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं. तेव्हाही हवाई दलाच्या चौकशीचा निष्कर्ष असाच होता, की खोऱ्यातली हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाचं दिशाभान हरपलं. हवाई दलाचा निवडक वैमानिक आणि दणकट यंत्र असूनही हे घडलं.

तेव्हा यात्रेला जाताना एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, जमलं तर दोन. परतीच्या रेल्वेचं तिकीट दर्शनाच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. डेहराडूनहून विमान चुकेल ही भीती मनात घेऊन हेलिपॅडवर उभा असलेला माणूस शांतपणे ‘राहू द्या’ म्हणूच शकत नाही. उड्डाण रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतात ते तिकीट काढतानाच वाचून ठेवा, म्हणजे तिथे भांडण होणार नाही. गौरीकुंडहून पायवाट आहे, सोळा-सतरा किलोमीटरची. घोडी आहेत, डोली आहे. आईला ते झेपणार नसेल तर खालून नमस्कार करून परत या. देव रागावणार नाही. पुणे-मुंबई-नाशिकच्या यात्रा कंपन्यांनाही हात जोडून सांगणं आहे की पत्रकावर हेलिकॉप्टर दर्शनाची हमी छापू नका. त्या हमीचं ओझं शेवटी पायलटच्या खांद्यावर जातं.

विमान भाड्यानं घेणाऱ्यांनी पैशाची बोलणी करण्याआधी काही प्रश्न विचारावेत. वैमानिक एक आहे की दोन? त्यांचा यंत्रांवर उडण्याचा सराव अलीकडचा आहे का? हे विमान त्यासाठी सज्ज आहे का? जिथे उतरायचं आहे तिथे ढगातून खाली आणणारी यंत्रणा आहे, की मोकळं मैदान आणि एक वाऱ्याची पिशवी? दिसलं नाही तर दुसरीकडे कुठे उतरणार? उत्तर देताना कुणी चिडलं तर दुसरीकडे चौकशी करा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग टेकलेले असतात. त्या दिवसांत घाट ओलांडून हेलिकॉप्टरनं कोकणात किंवा कोल्हापूरला जायचं असेल, तर गाडीही तयार ठेवा. चार तास जास्त लागतील, लागू देत.

समजा एवढं करूनही हवेत असताना खिडकीबाहेर अचानक पांढरं झालं, तर प्रवाशानं करायची गोष्ट एकच: गप्प बसायचं. ओरडायचं नाही, पायलटच्या खांद्याला हात लावायचा नाही, काय झालं असं विचारायचं नाही, फोन काढून चित्रीकरण करायचं नाही. त्या वेळी तो स्वतःच्या अंगाशी झगडून काट्यांवर नजर खिळवून असतो. तुमच्या प्रश्नाला वळून दिलेलं उत्तर, डोक्याची तेवढी हालचालसुद्धा, कानातल्या द्रवाला पुन्हा ढवळते.

आता शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागतं आणि प्रत्येक तासाचा खर्च घर पिळून काढतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच तास भरायची घाई होते आणि ढग जरा खाली आहेत पण जमेल असं वाटतं. इलिनॉयच्या त्या चाचणीला दुसरा भागही होता. त्याच वैमानिकांना साध्या यंत्रांवर विमान स्थिर ठेवायचं, वेग कमी करायचा, हळूच अर्धं वळण घेऊन आल्या वाटेनं बाहेर पडायचं, एवढंच शिकवलं. शेवटी घेतलेल्या साठ प्रयत्नांपैकी एकोणसाठ यशस्वी झाले. म्हणजे परत फिरणं ही शिकायची आणि घोटायची विद्या आहे. प्रशिक्षकाकडे तिचा हट्ट धरा, डोळ्यांवर झापड लावून पुन्हा पुन्हा करून घ्या. आणि वळायचं ते ढगात शिरायच्या आधी, समोरची टेकडी पुसट व्हायला लागली की तेव्हाच. ढगाला भोक सापडेल म्हणून शोधत बसू नका. शिरलातच तर कंट्रोलला लगेच सांगा की मी ढगात आहे, मला मदत हवी. त्यात नाक कापलं जात नाही.

आणि पालकांनो, संध्याकाळी तिचा फोन येईल आणि ती म्हणेल, आज अर्ध्या वाटेतून परत आले, तास पुरा झाला नाही. तेव्हा पैशाचा विषय काढू नका आणि बाकीच्या मुलांचे किती तास झाले हे तर विचारूच नका. कुठून परत वळलीस, ढग किती खाली होते, काय दिसलं म्हणून वळलीस, हे विचारा आणि तिला सगळं सांगू द्या. पुढच्या वेळी वळायचं की नाही हे ठरवताना तिला तुमचा हा फोन आठवणार आहे.